जुन्या गाडीचा एसी : आधी गळती, मग गॅस

मार्चमधला पहिला उकाडा जाणवला की गिरगावातल्या जुन्या गाड्या एसीवाल्यांच्या दारात उभ्या राहू लागतात. बहुतेकांना तिथे एकच वाक्य ऐकू येतं : "गॅस कमी झालाय, भरून देतो." पाऊण तासात गॅस भरला जातो, हवा गार येते, पैसे चुकते होतात आणि गाडी फणसवाडीत परत येऊन लागते. गणपतीला कोकणात निघायच्या सुमारास एसी पुन्हा नुसता वारा घालू लागलेला असतो. पुढच्या मार्चला परत तेच.

या फेऱ्यातून ज्यांना सुटायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एसीतला गॅस वापरून संपत नाही. कंप्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल अशा बंद चक्रात तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ बाहेर गेला. कुठून गेला ते कळेपर्यंत नवा गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

थोडीफार झिरप प्रत्येक गाडीत असते, हेही खरं. कंप्रेसर पट्ट्यावर फिरतो, त्याच्या दांड्याभोवतीचं सील आणि रबरी होज शंभर टक्के बंद कधीच नसतात. युरोपात २००६ च्या निर्देशानुसार एका कूलिंग कॉइलच्या गाडीला वर्षाला जास्तीत जास्त ४० ग्रॅम गळतीची मुभा ठरवली गेली. लहान गाडीत एकूण गॅस साधारण ४०० ते ६०० ग्रॅम असतो. म्हणजे चार-पाच वर्षांनी एकदा गॅस लागला तर त्यात वावगं काही नाही. पण दर उन्हाळ्याला लागत असेल तर गळती आहे, आणि ती आपोआप थांबणार नाही.

आपल्या भागात ही तक्रार जास्त का, याला कारणं आहेत. फणसवाडीपासून समुद्र एक किलोमीटरच्या आतबाहेर. चौपाटीवरून येणारी खारी, दमट हवा ॲल्युमिनियमला खाते. बंपरमागे सर्वांत पुढे असलेल्या कंडेन्सरच्या बारीक पत्र्या बोट लावताच भुग्यासारख्या गळून पडू लागल्या, तर नळ्यांनाही तोच क्षार लागलेला असतो असं समजावं. दुसरं कारण आपल्या राहणीचं. वाडीत गाडी काढणं-लावणं हेच एक काम असतं. एकदा जागा मिळाली की मालक गाडी हलवायला तयार नसतो. गाडी आठवडाभर उभी आणि रविवारी एक चक्कर, असा प्रकार. एसी चालू नसला की गॅसबरोबर फिरणारं तेल फिरत नाही, कंप्रेसरचं सील कोरडं पडतं आणि तिथून गॅस सुटू लागतो. म्हणून गाडी लावून ठेवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात आणि थंडीतसुद्धा, दहा मिनिटं एसी चालवावाच. शिवाय उंदीर. जुन्या चाळींच्या आवारात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्यांचा वावर असतो आणि वायरींबरोबर होजचं वरचं रबरही ते कुरतडतात.

गॅसवर संशय घेण्याआधी काही गोष्टी तपासा. गाडी चालू असताना हवा गार येते आणि प्रार्थना समाजच्या सिग्नलला थांबलं की गरम, असं होत असेल तर बहुधा गॅसचा दोष नाही. कंडेन्सरवरचा पंखा फिरत नाही किंवा कंडेन्सर धुळीने बुजला आहे. मेट्रोच्या खोदकामाची कित्येक वर्षांची धूळ या भागातल्या गाड्यांनी खाल्ली आहे. पाण्याची हलकी धार इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारून कंडेन्सर धुतला तर पुष्कळदा फरक पडतो; जोराच्या प्रेशरने मात्र पत्र्या वाकतात. हवा गार आहे पण येतेच कमी, तर केबिन फिल्टर पाहा. सुरुवातीला गार, पंधरा मिनिटांनी बंद, पुन्हा थोड्या वेळाने गार, असं असेल तर चक्रात ओल शिरून एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरत असण्याची शक्यता मोठी. आणि गाडीखाली पाणी ठिबकतं म्हणून घाबरू नका, ती कूलिंग कॉइलवर जमलेली हवेतली वाफ असते. गॅस कमी असल्याची खूण वेगळी आहे : कंप्रेसरचा मॅग्नेटिक क्लच दर काही सेकंदांनी टक्‌ करून लागतो आणि सुटतो, आणि गार असायला हवी ती जाड नळी हाताला जेमतेम थंड लागते.

गाडीत गॅस कोणता, हेही आधीच माहीत हवं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत आर-१२ असे. ओझोनचा थर पातळ करणारा तो वायू. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी त्याचा धोका मांडला, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. आपल्याकडे २००० साली ओझोनसंबंधीचे नियम आले, १ जानेवारी २००३ पासून नव्या उपकरणांत हा वायू वापरण्यावर बंदी आली आणि २०१० पासून त्याचं पर्व संपलं. आर-१२ नंतरच्या गाड्यांत आर-१३४ए असतो. ओळखणं सोपं आहे. आर-१२ च्या गाडीत गॅस भरायच्या तोंडांना बाहेरून आटे असतात. आर-१३४ए ची तोंडं गुळगुळीत असतात, त्यांवर कपलर खटकन बसतो, आणि जास्त दाबाकडचं तोंड मोठं असतं.

कोणी आज "ओरिजिनल आर-१२ आहे" म्हणून गॅस देऊ लागलं तर घेऊ नका. त्याच्या नावाखाली स्वयंपाकाच्या गॅसचं मिश्रणही खपवलं जातं. ते गार करतं, यात शंका नाही. पण डॅशबोर्डमागे गळालं तर बंद केबिनमध्ये एक ठिणगी पुरते. खोट्या आर-१३४ए चा अनुभवही जगाने घेतला आहे. २०११ मध्ये जहाजांवरच्या शीतपेट्यांत मिथिल क्लोराईड मिसळलेला नकली गॅस भरला गेला, त्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया झाली आणि कंप्रेसर फुटून माणसं दगावली. ओळखीच्या दुकानातून, सीलबंद डबा डोळ्यांसमोर फोडून घ्यावा असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

आता गळती शोधण्याकडे वळू. हे काम सावकाश करायचं आहे आणि त्यातलं निम्मं तुम्ही स्वतः करू शकता.

सुरुवात डोळ्यांनी. गॅसबरोबर तेल फिरतं, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे थोडं तेलही येतं आणि त्यावर धूळ बसते. बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि कंप्रेसरपासून निघून नळीमागे नळी पाहत जा. बाकीची नळी राखाडी, कोरडी आणि एका जोडाजवळच काळपट, ओलसर थर दिसला तर तो जोड संशयित. बोट फिरवा, ग्रीससारखं चिकट लागलं, तर खूण पक्की होत जाते. कंप्रेसरच्या क्लचसमोर, बॉनेटच्या आतल्या अंगावर एका रेषेत बारीक शिंतोडे दिसत असतील, तर दांड्याचं सील तेल फेकतं आहे. इंजिनाचं तेलही याच भागात गळतं, तेव्हा दोन्हींत गल्लत नको. आधी पुसून स्वच्छ करा, चार दिवस गाडी चालवा, मग पुन्हा पाहा.

यानंतर बहुतेक जण सोडून देतात ती जागा : गॅस भरायची दोन तोंडं. आत सायकलच्या ट्यूबसारखा छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्यावर प्लॅस्टिकचं टोपण. ते टोपण नुसतं धुळीसाठी नाही. त्याच्या आतली रबरी चकती ही गॅस अडवणारी दुसरी भिंत आहे. जुन्या गाड्यांत ही टोपणं हमखास हरवलेली असतात. व्हॉल्व्हच्या तोंडाशी साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा आणि एक मिनिट नजर हलवू नका. थेंब जागच्या जागी फुगला, त्यावर एक पातळ घुमट धरला, फुटला आणि पुन्हा धरला, तर तुमची गळती सापडली. हा व्हॉल्व्ह अगदी स्वस्तातला भाग आहे. अशा एका व्हॉल्व्हपायी लोकांनी कंडेन्सर बदलून घेतलेले मी पाहिले आहेत, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

साबणाची परीक्षा सगळ्या जोडांवर घ्या. भांडी घासायचा द्रव साबण पाण्यात कालवा, थोडं ग्लिसरीन टाकलंत तर फुगे टिकतात. इंजिन बंद, पंखा बंद. ब्रशने जोडाच्या चारही बाजूंना, मुख्यतः खालून, पाणी लावा. मोठ्या गळतीला फुगे लगेच येतात. बारीक गळती फुगे काढत नाही. दोन-तीन मिनिटांनी जोडाच्या एका कडेला मोहरीएवढ्या दाण्यांचा पांढरा फेस साचतो. खालचा भाग दिसत नसेल तर छोटा आरसा धरा. काम झालं की साध्या पाण्याने धुवा.

या परीक्षेला आत दाब हवा, आणि इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, हवा ३० अंश असताना, आर-१३४ए चा दाब साधारण ९७ पीएसआय भरतो. आत ५०० ग्रॅम गॅस असो की २००, जोवर थोडा द्रव शिल्लक आहे तोवर काटा तिथेच राहतो. म्हणून उभ्या गाडीला गेज लावून "प्रेशर बरोबर आहे, गॅस फुल आहे" असं कोणी म्हटलं तर ते मानू नका. तो काटा फक्त एवढंच सांगतो की गॅस पूर्ण संपलेला नाही. काटा पन्नास-साठवर आला असेल तर मात्र द्रव संपला, गळती मोठी आहे.

इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असलेला कारागीर मिळाला तर उत्तम. त्याचं टोक जोडाच्या खालून, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतकं हळू फिरवायचं असतं, कारण हा गॅस हवेपेक्षा साडेतीन पट जड आहे आणि खाली उतरतो. हे काम सकाळी लवकर करावं. दहा-अकरानंतर समुद्रावरचा वारा सुरू झाला, गल्लीत रहदारी वाढली की सुटलेला गॅस उडून जातो आणि पेट्रोलच्या वाफांनी यंत्र उगाच ओरडतं. व्यंकटेश मंदिराच्या बाजूच्या अरुंद गल्ल्यांत सकाळी सहा-सातला हवा स्थिर असते, तीच खरी वेळ. कंप्रेसरचं सील तर रात्रभर उभ्या गाडीतच तपासावं. काही सीलं फिरताना बंद राहतात आणि थांबल्यावर गळतात.

आणखी एक पद्धत रंगाची. तेलाबरोबर फिरणारा एक रंग थोडासा चक्रात सोडतात, गाडी आठवडाभर वापरतात आणि अंधारात अतिनील टॉर्च मारून पाहतात. गळतीची जागा पिवळट हिरवी चमकते. महिन्या-दोन महिन्यांत गॅस संपवणाऱ्या संथ गळतीसाठी माझी पसंती यालाच. रंग थोडाच घालावा आणि दुरुस्तीनंतर डाग पुसून टाकावा, नाहीतर पुढच्या वेळी जुनाच डाग चकवतो.

इतकं करूनही बाहेर काही सापडलं नाही, तर संशय डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर जातो, आणि इथेच मालकाने सर्वांत सावध राहायचं असतं. कॉइल सतत ओली असते, तिच्यावर धूळ आणि पानांचा चुरा साचतो, त्यामुळे ती सडते हे खरं. पण डॅशबोर्ड खोलण्याची मजुरी मोठी आणि जुनं प्लॅस्टिक खोलताना तुटतं. खात्री करून घेण्याचे मार्ग आहेत. एसी चालवून बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवून मधल्या जाळीत डिटेक्टर धरा. पाणी जायच्या नळीच्या तोंडाशीही धरून पाहा, मात्र टोक ओलं होऊ देऊ नका. रंग घातला असेल तर त्या नळीतून येणारं पाणी चमकतं का ते पाहा. निर्णायक परीक्षा अशी : उरलेला गॅस काढून घेतल्यावर, इंजिनाच्या बाजूने कॉइलकडे जाणाऱ्या दोन नळ्या सोडवायच्या, त्यांच्या तोंडांना झाकणं बसवायची आणि एकट्या कॉइलमध्ये कोरडा नायट्रोजन भरून दाब धरून ठेवतो का ते बघायचं. ही परीक्षा केल्याशिवाय डॅशबोर्डला हात लावू देऊ नका. जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत कॉइलची पेटी ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते आणि तुलनेने लवकर सुटते, तिथे काळजी थोडी कमी.

नायट्रोजनबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हल्ली ही सोय बऱ्याच एसीवाल्यांकडे असते आणि मागितली तरच मिळते. रेग्युलेटर लावून साधारण १५० पीएसआयपर्यंत दाब भरतात आणि काही तास, जमल्यास रात्रभर, सोडून देतात. सकाळी काटा दोन-अडीच पीएसआय खाली आला म्हणून गळती आहे असं नाही; हवा पाच अंश गार झाली तर एवढा दाब नुसत्या थंडीने उतरतो. दहा-पंधरा उतरला तर गळती आहे. नायट्रोजनऐवजी टायरची हवा भरू देऊ नका, तिच्यात ओल असते. आणि ऑक्सिजनचं सिलिंडर तर जवळही आणू देऊ नका : दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतलं तेल यांचा स्फोट होतो.

बरेच कारागीर व्हॅक्यूम धरून ठेवून "लीक नाही" असं सांगतात. या एकट्या परीक्षेवर मी विसंबणार नाही. व्हॅक्यूममध्ये आतल्या-बाहेरच्या दाबात फरक जेमतेम १५ पीएसआयचा, तोही उलट्या दिशेने. चालत्या एसीत जास्त दाबाच्या बाजूला २०० ते २५० पीएसआय असतात. व्हॅक्यूम ज्या भेगेला आत ओढून बंद करतो, तीच भेग दाबाखाली उघडते.

जागा सापडली की दुरुस्ती जागेप्रमाणे बदलते. जोडातली ओ-रिंग असेल तर काम छोटं. एकदा उघडलेल्या जोडाची ओ-रिंग परत वापरू नये. नवी रिंग आर-१३४ए ला चालणारी, बहुधा हिरवी किंवा निळी, एसीच्या तेलात बुडवून बसवावी आणि जोड दोन पान्यांनी आवळावा. एकाच पान्याने जोर लावला की मऊ ॲल्युमिनियमची नळी पिळवटते आणि एका गळतीच्या दोन होतात. एक जोड उघडायचाच आहे तर त्या भागातल्या सगळ्या ओ-रिंगा बदलून घ्या, खर्च नगण्य.

होज गळत असेल तर तिचं टोक हायड्रॉलिक प्रेसवर क्रिंप करून घ्यावं. पाण्याच्या पाइपाला लावतात तसली क्लिप इथे कामाची नाही. सरळ ॲल्युमिनियम नळीला पडलेलं भोक चांगला वेल्डर बुजवू शकतो. कंडेन्सरला आणि कूलिंग कॉइलला मात्र ठिगळ लावू नये असंच माझं मत आहे : खाऱ्या हवेने एका जागी भोक पाडलं, तर शेजारची भिंतही तितकीच पातळ झालेली असते. कंप्रेसरचं दांड्याचं सील वेगळं मिळतं, पण ते बसवायला खास हत्यारं आणि स्वच्छ हात लागतात. ज्याने तुमच्या मॉडेलचं सील आधी बदललं आहे त्याच्याकडेच द्या.

सुटे भाग ऑपेरा हाउस आणि प्रार्थना समाजच्या बाजूच्या दुकानांत विचारावेत, जुने वापरलेले हवे असतील तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. वापरलेला कंप्रेसर घ्यायचाच असेल, तर त्याची दोन्ही तोंडं बुचांनी बंद आहेत असाच घ्या. उघडी तोंडं ठेवून महिनोन्‌महिने फळीवर पडलेल्या कंप्रेसरने मुंबईची सगळी दमट हवा प्यायलेली असते. हाताने फिरवून पाहा. अडखळता कामा नये. आतलं तेल बोटावर घ्या. काळं, जळकट वासाचं किंवा चमकदार कण असलेलं असेल तर परत ठेवा. कंडेन्सर आणि कॉइल शक्यतो नवीच घ्यावी.

चक्र उघडलं की ड्रायर बदलायचा, यावर वाद घालू नका. ड्रायरमध्ये ओल शोषणारे दाणे असतात आणि आपल्या हवेत ते काही तासांत भरून जातात. ओल आत राहिली तर ती गॅस आणि तेलाबरोबर आम्ल तयार करते, आणि ते आम्ल नव्या कॉइललाही आतून खातं. याच कारणाने उघडझाप पावसाळ्यात टाळावी. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला : हवा कोरडी, आणि एसीवाल्याकडे गर्दी नसल्याने तो तुमच्या गाडीला वेळ देऊ शकतो.

गळती बंद करणारं रसायन डब्यात मिळतं, गॅसबरोबर सोडलं की काम झालं असं सांगितलं जातं. ते वापरू नका. ते हवेशी आणि ओलीशी संपर्क आला की घट्ट होतं, आणि ओल चक्राच्या आतही असू शकते. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबतो, ड्रायर तुंबतो, आणि गॅस काढून घेणारं यंत्र खराब होईल म्हणून चांगला कारागीर तुमच्या गाडीला यंत्र लावायलाच नकार देतो.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम. इथे त्याचं काम ओल काढण्याचं आहे. ३० अंशांना पाण्याची वाफ व्हायला काटा पाऱ्याच्या पावणेएकोणतीस इंचांच्या पुढे जावा लागतो, त्यामुळे जुना, थकलेला पंप पंचवीस-सव्वीसवर अडकत असेल तर तासभर चालवूनही ओल आतच राहते. चांगला पंप अर्धा-पाऊण तास चालू द्या.

मग गॅस, आणि तो वजनावर. बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात ग्रॅम लिहिलेले असतात. काटा मांडून तेवढेच ग्रॅम भरायला सांगा. "काचेतले फुगे जाईपर्यंत" किंवा "नळी गार लागेपर्यंत" ही मापं आर-१२ च्या जमान्यातली. आर-१३४ए मध्ये बरोबर भरलेल्या गाडीतही थोडे फुगे दिसतात, आणि ते घालवण्याच्या नादात जास्त भरलेला गॅस कंप्रेसरचा जीव घेतो. आर-१२ च्या गाडीत आर-१३४ए घालायचा असेल तर जुनं खनिज तेल धुऊन काढून एस्टर तेल, नवा ड्रायर, नव्या ओ-रिंगा आणि तोंडांना अडॉप्टर हे सगळं हवं, आणि गॅस मूळ वजनाच्या ८० ते ९० टक्केच. बदललेल्या भागाबरोबर गेलेलं तेलही परत घालायचं असतं. कंडेन्सरसाठी साधारण वीस-तीस मिलिलिटर, कॉइलसाठी थोडं जास्त.

घरी स्वतः डबा लावून भरणाऱ्यांना कळकळीची विनंती : जास्त दाबाच्या बाजूला डबा जोडून इंजिन चालू करू नका, डबा हातात फुटतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेत, कारण हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो आणि त्वचेवर उडाला तर तिथलं मांस गोठतं. गळती शोधायला ज्योत वापरू नका. जळलेल्या गॅसपासून विषारी वायू होतो.

जुना गॅस हवेत सोडू नका, हे मी फक्त नियम म्हणून सांगत नाही. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता धरण्यात तो कार्बन डायऑक्साईडच्या १,४३० पट आहे. अर्धा किलो गॅस सोडला तर सुमारे सातशे किलो कार्बन डायऑक्साईड सोडल्यासारखं होतं, म्हणजे तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं. दरवर्षी मार्चमध्ये गॅस भरून दिवाळीपर्यंत तो गळू देणारी एक छोटी गाडी आपल्याच मुलांच्या हवेवर एवढा बोजा टाकते. गॅस काढून घेणारं यंत्र मोठ्या सर्व्हिस सेंटरांत आणि काही चांगल्या एसीवाल्यांकडे असतं. ते आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. "गळती कशाने शोधणार?" हा दुसरा. "गॅस वजनावर भरणार ना?" हा तिसरा. या तिन्हींना सरळ उत्तर देणारा माणूस जरा महाग असला तरी त्याच्याकडेच जावं.

एवढा खर्च जुन्या गाडीवर करावा का? ताडदेव आरटीओतून पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून आणलेली गाडी असेल आणि इंजिन, पत्रा धड असेल, तर ओ-रिंगा, व्हॉल्व्ह, होज, ड्रायर आणि गरज पडल्यास कंडेन्सरपर्यंतचा खर्च मी करीन. कॉइल आणि कंप्रेसर दोन्ही गेले असतील आणि नूतनीकरणाला वर्षच उरलं असेल, तर गॅस काढून घेऊन चक्राची तोंडं बंद करून ठेवणं शहाणपणाचं. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली ती वीस वर्षांच्या मर्यादेमुळे. खासगी गाडीला अशी सक्तीची तारीख नाही, तेव्हा हा हिशेब ज्याचा त्याने मांडायचा आहे.

काम झाल्यावर इंजिन दीड हजार फेऱ्यांवर, खिडक्या बंद, हवा आतल्या आत फिरती ठेवून मधल्या जाळीत साधं थर्मामीटर धरा. मे महिन्यातल्या मुंबईत लहान गाडीने ८ ते १२ अंश दाखवले तर काम नीट झालं. किती ग्रॅम भरले, कोणते भाग बदलले आणि कोणत्या तारखेला, हे कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पंधरा दिवसांनी एका सकाळी बॉनेट उघडून नव्या जोडांवर पुन्हा साबणाचं पाणी लावा. फेस धरला तर त्याच आठवड्यात कारागिराकडे जा, त्याची हमी संपायच्या आत.